निघण्याआधीचा मलिदा

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरात काही मोठं घडलं किंवा घडायचं असलं की मलिदा होतो. लग्न ठरलं, बाळंतीण सुखरूप घरी आली, आजारी माणूस उठून हिंडूफिरू लागला, की मलिदा. लांबच्या प्रवासाला निघायचं असलं तरी आधी मलिदा. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची-जायफळ घालून परातीत रास करायची, वर बेदाणे-बदाम पेरायचे, भोवतीनं फळं मांडायची आणि एखादी सुवासिक डहाळी ठेवायची. मग पुरुषमंडळी डोक्यावर टोपी घालून परातीभोवती बसतात, हिब्रूतून प्रार्थना म्हणतात आणि संदेष्टा एलियाहूला आळवतात. त्यांच्या बोलण्यात तो एलियाहू हन्नाबी. त्याच्या कानावर घातलं की कार्य सुरळीत पार पडतं, असा त्यामागचा भाव. आमच्या आळीतल्या बायका मलिद्याला "त्यांचा सत्यनारायण" म्हणायच्या आणि प्रसादाला हक्कानं जायच्या.

अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या आजीच्या वेळेला त्यांची पाच-सहा घरं होती, आईच्या वेळेला दोन, माझ्या वेळेला एकच, आमच्या भिंतीला भिंत लागून. त्या घरी मी लहानपणापासून कितीतरी मलिदे खाल्ले. शेवटचा मलिदा त्यांच्या स्वतःच्या प्रवासाचा होता. घर आवरून काका, मावशी, त्यांची मुलगी आणि जावई कायमचे इस्रायलला निघाले होते. विमानाची तारीख पुढे होती, पण मावशींनी निरोपाचं जेवण मुद्दाम हन्नाबीच्या उरुसाच्या दिवशी धरलं. त्या दिवशी घरी आलेल्याला नको म्हणता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सणाच्या निमित्तानं माणसं जमली की रडारड कमी होते.

ह्या लोकांची गोष्ट रायगड जिल्ह्यात सगळ्यांनाच थोडीथोडी माहीत असते, पुरती फार थोड्यांना. फार पूर्वी, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी, नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं आणि सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या, असं त्यांची परंपरा सांगते. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पाठ होती ती शेमा ही एकच प्रार्थना, म्हणून जन्माला, सुंतेला, लग्नाला, मरणाला तीच म्हणत राहिले. पोटासाठी तेलाचे घाणे घेतले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. ज्या गावात राहिले त्या गावाचं नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतलं. चेऊलकर, पेणकर, किहिमकर, नवगावकर, रोहेकर, दिवेकर. सिनेपडद्यावर डेव्हिड ह्या एकाच नावानं ओळखला जाणारा नट मूळचा डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधलं ते इंग्रजांच्या फौजेतल्या एका दिवेकरानं. वरळीला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे ते डॉ. ई. मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड ह्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. कोकणच्या एका पट्टीत तेल गाळणाऱ्यांनी एवढी मजल मारली, आणि आपल्यातल्या कितीतरी सुशिक्षितांना हे लोक पारशी की ख्रिस्ती हेसुद्धा नक्की सांगता येत नाही.

मला लहानपणी ते आमच्यातलेच वाटत. त्याचं मोठं कारण म्हणजे त्यांचे सण. त्यांचं पंचांग आपल्यासारखंच चांद्र, अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवून घेणारं. त्यामुळे त्यांचे सण बहुतेक वर्षी आमच्या सणांच्या शेजारी येऊन बसत. आमची होळी आणि त्यांचा पुरीम एकाच पौर्णिमेच्या आसपास, म्हणून त्यांच्या जुन्या बायका पुरीमला सरळ होळीचा सण म्हणत. घटस्थापनेच्या सुमाराला त्यांचं नवीन वर्ष, तो नव्याचा सण. पाठोपाठ उपासाचा मोठा दिवस, दार लावून घरात बसायचं, तो दारफळणीचा सण, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दु:खाच्या उपासाला वालाचं बिरडं लागतं, म्हणून तो बिरड्याचा रोजा. हजारो मैलांवरच्या एका मंदिराच्या विध्वंसाचं दु:ख आणि श्रावणातले कडवे वाल, ही दोन्ही त्यांनी एकाच ताटात घेतली. कोणी पंडितानं बसून केलेली ही जुळणी नाही. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी चुलीपाशी ती केली आहे, आणि म्हणून ती टिकली.

हन्नाबीचा उरूस येतो शेवात महिन्याच्या पौर्णिमेला. जगभरचे ज्यू तो दिवस झाडांचं नवीन वर्ष म्हणून पाळतात. आमच्याकडे त्या दिवशी अलिबागजवळच्या खंडाळ्याला जायचं असतं. तिथे एक खडक आहे. स्वर्गाला जाताना एलियाहूचा रथ त्या खडकावरून गेला आणि घोड्याच्या टापांच्या आणि रथाच्या खुणा तिथे उमटल्या, अशी श्रद्धा. हन्नाबीचा टापा म्हणतात त्याला. त्या वर्षी आम्हीही गेलो. एका टेम्पोत आमचं घर, त्यांचं घर, वरच्या आळीतल्या दोन बायका आणि सतरंज्या. मुंबई-ठाण्याहून बसगाड्या आल्या होत्या. इतकी माणसं पाहून मावशींचा चेहरा खुलला होता. त्यांनी खडकाला हात लावला, तो हात ओठांना लावला, मग पदर डोक्यावर ओढून बराच वेळ उभ्या राहिल्या. काका मात्र टाप्याजवळ फार थांबले नाहीत. बाजूला जाऊन ते सागरगडाच्या अंगानं वर चढत गेलेल्या रानाकडे बघत होते.

परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि मावशींच्या घरी गर्दी झाली होती. ज्यूंच्या खाण्याचे नियम कडक असतात हे आळीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही, खवलं आणि पर असलेलीच मासळी खायची. म्हणजे रावस, सुरमई, बांगडा चालतो. कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या नाहीत. अलिबागेत जन्म काढून कोळंबी न खाणं ही काय तपश्चर्या आहे ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या आईनं मावशींसाठी एक पितळेचं पातेलं वेगळं ठेवलं होतं. त्यात कधी कोळंबी शिजली नाही, सोड्याचा भात झाला नाही. मावशी आमच्याकडे जेवायच्या त्या दिवशी ते फडताळातून खाली यायचं. घरात नवीन सून आली की तिला कुलदेवतेच्या आधी ते पातेलं दाखवलं जायचं, असं आजी म्हणायची.

त्यामुळे शिजवलेलं काही घेऊन जाता येत नाही हे सगळ्यांना कळत होतं, पण रिकाम्या हातानं कोणी आलं नव्हतं. भंडाऱ्यांच्या वाडीतले नारळ आले, सोललेले. कुणी पेणचे पोहे आणले. केळ्यांचा घड आला तो इतका मोठा की कोपऱ्यात उभा करून ठेवावा लागला. कोळीवाड्यातून पहाटेचा रावस आला आणि पैसे घ्यायला कोणी तयार होईना. मांस त्या दिवशी नव्हतंच. त्यांच्या विधीनं कापणारा माणूस आता जवळपास उरला नव्हता. पूर्वी महिन्या-दोन महिन्यांनी तरी गावात फेरी होत असे. मासळीला ती अडचण नाही. आईनं आदल्या दिवशीच मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून आम्हा सगळ्यांना डाळिंब्या काढायला बसवलं होतं. मोठी परात भरून सोललेल्या डाळिंब्या आणि ते पितळेचं पातेलं, दोन्ही भिंतीपलीकडे गेली. शिजवलं मावशींनी. त्या जेवणात त्यांचं काय आणि आमचं काय हे वेगळं काढायला बसलं असतं तर दिवस मावळला असता.

मलिद्याला मात्र मावशी कोणाला हात लावू देत नसत. त्या दिवशी मला जवळ बसवून त्यांनी सगळं दाखवलं. पोहे जाड हवेत. पाण्यात ठेवायचे नाहीत, चाळणीत घेऊन पाण्याखालून काढायचे आणि झाकून ठेवायचे. थोड्या वेळानं एक दाणा चिमटीत दाबून बघायचा. मोडला पाहिजे, पण बोटाला चिकटता कामा नये. चिकटला तर पाणी जास्त झालं, मग पंख्याखाली पसरायचे. खोबरं विळीवर खोवायचं, पाठीचा काळा भाग येऊ द्यायचा नाही. गूळ किसायचा, ठेचायचा नाही, ठेचलेल्याचे खडे राहतात. हे सगळं एकत्र करायचं ते हातानं, खालून वर, दाबायचं नाही. जायफळ शेवटी, आणि तेही जरासंच, कारण प्रार्थना लांबली तर त्याचा वास इतर सगळ्या वासांवर चढतो. सब्जाची डहाळी आमच्या कुंडीतली होती. त्यांच्या प्रार्थनेत झाडाच्या फळाचे वेगळे आभार, जमिनीतून उगवणाऱ्याचे वेगळे आणि सुवासाचे वेगळे. सुवासासाठी देवाचे वेगळे आभार मानणारा हा विधी मला तेव्हापासून फार आवडतो.

"तिकडे पाऊस नाही म्हणतात गो," खोबरं खोवता खोवता मावशी म्हणाल्या. मुलगा आधीच दिमोनाला होता. नेगेवच्या वाळवंटातलं गाव, समुद्र लांब. तिथे आपल्याकडची पुष्कळ माणसं आहेत, भारतीय मालाची दुकानं आहेत, पोहे मिळतात, मसाले मिळतात, हे त्यानं फोनवर अनेकदा सांगितलं होतं.

"सवय होईल मावशी," मी म्हटलं.

"होईल ना. आमच्या वाडवडलांना इथली नाही झाली? त्यांना तर नेसत्या कपड्यानिशी व्हावी लागली."

एवढं बोलून त्या पुढचा नारळ घेऊन बसल्या.

मलिद्याच्या प्रार्थनेला दहा पुरुष असले म्हणजे बरं. त्या घरात काका आणि जावई धरून दोन. अलिबागहून तीन आले, खंडाळ्याहून परतताना ठाण्याचे चार आमच्याबरोबरच आले होते. नऊ. दहाव्यासाठी जेवण थांबलं. काका सारखे अंगणात जाऊन रस्त्याकडे बघत होते. आमचे वडील त्यांच्याबरोबर उभे होते, आणि मला दिसत होतं की आपण त्या दहांत धरले जात नाही ह्याची खंत त्या क्षणी वडिलांना काकांपेक्षा जास्त वाटत होती. शेवटी पेणहून एक म्हातारे गृहस्थ एसटीनं आले, घाम पुसत, "उशीर झाला, चालू करा" म्हणत. त्यांना पाणी दिलं आणि दहा पूर्ण झाले.

प्रार्थना हिब्रूत, चाल मात्र इथली. ऐकताना भजनाची आठवण होते, कीर्तनाच्या आधीच्या नमनाची होते. आम्ही बायका आतल्या दारात बसलो होतो. एलियाहू हन्नाबीचं गाणं सुरू झालं तसे ठाण्याचे तरुण टाळ्या वाजवायला लागले. पेणच्या आजोबांचा आवाज सगळ्यांत वर होता. हे गाणं मी इतक्या वेळा ऐकलं आहे की अर्थ न कळताही पुढचं कडवं कुठे वर चढतं ते मला माहीत असतं. ते संपलं. काकांनी मराठीतून चार वाक्यं बोलायची असं ठरवलं होतं. ते उभे राहिले. म्हणाले, "आम्हाला इथून कोणी जा म्हटलं नाही. हे मी तिकडे गेल्यावर पहिल्यांदा सांगणार आहे." पुढची तीन वाक्यं त्यांच्यानं झाली नाहीत. जावयानं मलिदा वाटायला घेतला.

काकांचं ते एक वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं आहे. ज्यूंचा इतिहास म्हणजे हाकलले जाण्याचा इतिहास. बाबिलोन, रोम, स्पेन, रशिया, जर्मनी. जिथून निघाले तिथून जीव मुठीत धरून निघाले. आपल्या कोकणातून निघाले ते मात्र शेजाऱ्यांच्या घरची केळी आणि नारळ खाऊन निघाले. अभिमानाची गोष्ट आहे, आणि आपण ती सभांमधून सांगतोही. पण हाकलून लावलेल्या माणसाच्या दु:खाला निदान राग धरायला कोणीतरी असतं. आमच्या आळीच्या दु:खाला कोणीच नव्हतं. जाणारे आनंदानं जात होते, रडत होते. राहणारे आशीर्वाद देत होते, रडत होते. दोष कोणाचा? वल्हांडणाच्या सणाला, ज्याला त्यांच्या जुन्या बायका अनशी ढाकाचा सण म्हणत, जेवणाच्या शेवटी जगभरातले ज्यू पुढल्या वर्षी जेरुसलेमला भेटण्याची इच्छा बोलून दाखवतात. मावशींच्या घरीही दरवर्षी बोलून दाखवत. बिनखमिराची भाकरी, काळ्या मनुकांचं शरबत, आणि ही प्रार्थना. कित्येक पिढ्यांनी ती केली. शेजारची प्रार्थना देवानं ऐकली, तर आपण वाईट का वाटून घ्यायचं? मला ह्याचं उत्तर त्या दिवशी सापडलं नाही आणि अजूनही नाही. एवढंच कळलं की एखाद्या घराची सर्वांत जुनी इच्छा पुरी होते तेव्हा त्याच्या शेजारच्या घराचं काहीतरी जातं, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या असतात.

आणि ती प्रार्थनाही सहज फळली असं नाही. १९४८ साली इस्रायल झालं तेव्हा बेने इस्रायल भारतात वीस हजारांच्या आसपास होते. पन्नास-साठच्या दशकांत पुष्कळजण गेले. काकांचे थोरले भाऊ त्यांतच. तिथे गेल्यावर त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. धर्मपीठानं लग्नाच्या वेळी त्यांच्या वाडवडलांची चौकशी करायला सांगितली. एवढी शतकं ग्रंथांशिवाय, धर्मगुरूंशिवाय, केवळ शेमा आणि शनिवार सांभाळत ज्यांनी धर्म टिकवला, त्यांनाच पुरावा विचारला. लोक रस्त्यावर बसले. शेवटी १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं, ते सर्वार्थानं ज्यू आहेत, असं जाहीर केलं. त्या दिवसांतली भावाची मराठी पत्रं काकांनी एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. जाताना वजनाची अडचण झाली तेव्हा मावशींनी दोन साड्या काढल्या आणि तो डबा बसवला. पत्रं मोडीत नव्हती, साध्या बाळबोध मराठीत होती, आणि त्यांत राजकारणापेक्षा कैरीच्या लोणच्याची चौकशी जास्त असे, असं काका सांगत.

मला ह्यात त्यांची थोरवी दिसते. इथे असताना त्यांनी जेरुसलेम विसरलं नाही आणि तिथे गेल्यावर कोकण विसरले नाहीत. इस्रायलमधून "मायबोली" नावाचं मराठी नियतकालिक निघालं. दिमोनात, अश्दोदमध्ये, लोदमध्ये मलिदा होतो, पोह्यांचाच होतो. १८७४ साली पुण्यात छापलेल्या वल्हांडणाच्या पोथीत हिब्रूशेजारी मराठी आहे आणि चित्रांत बिनखमिराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. दोन घरं मनात बाळगून जगता येतं, आणि दोन्हींशी इमान राखता येतं, हे ह्या मूठभर लोकांनी न बोलता करून दाखवलं. आज एकाच मातीशी निष्ठा सिद्ध करायला लावणाऱ्या गोंगाटात मला त्यांचं हे करणं फार मोलाचं वाटतं.

जेवणं उशिरापर्यंत चालली. ओटीवर, माजघरात, मागच्या पडवीत, जिथे जागा मिळेल तिथे पानं मांडली. हिरव्या वाटणातलं, नारळाच्या दुधातलं रावसाचं कालवण, बिरडं, तांदळाची भाकरी, भात, आणि द्रोणात मलिदा. पेणच्या आजोबांनी बिरडं तीनदा मागून घेतलं आणि हे कोणाच्या हातचं म्हणून विचारलं. मावशी म्हणाल्या, "आमच्या दोघींच्या." आई तोंड फिरवून ताक आणायला उठली, मग आठवलं की मावशींच्या घरी मासळीच्या जेवणाला ताक काढत नाहीत, तशी उगाच पाण्याचा तांब्या घेऊन आली.

संध्याकाळी ठाण्याची मंडळी गेली. निघण्याच्या दिवशी जावयानं चौकटीवरचा मेझुझा काढला. बोटाएवढी पितळी नळी, आत शेमाचा मजकूर लिहिलेली गुंडाळी. घरात जाता-येता तिला बोटं लावून ती ओठांना लावायची ही त्या घराची रीत होती. लहानपणी मीसुद्धा तसंच करत असे आणि मला कोणी कधी अडवलं नाही. स्क्रू गंजले होते, निघायला वेळ लागला. मेझुझा रुमालात गुंडाळून काकांनी खिशात ठेवला आणि घराच्या किल्ल्या वडिलांच्या हातात दिल्या, नवीन मालक येईपर्यंत. आता तिथे पर्यटकांसाठी खोल्या आहेत. शनिवार-रविवारी गाड्या लागतात. मालक चांगला माणूस आहे.

पितळेचं पातेलं आमच्याकडेच आहे. त्यात अजूनही कोळंबी शिजत नाही. आई गेल्यावर वहिनीनं ती शिस्त आपणहून चालू ठेवली, तिला कोणी सांगितलं नव्हतं. उरुसाच्या पौर्णिमेला मी मलिदा करते. प्रार्थना मला येत नाही आणि ती म्हणायचा अधिकारही नाही, म्हणून त्याला मलिदा म्हणावं की नाही असं मी फोनवर मावशींना विचारलं. त्यांनी विचारलं, पोहे पाण्याखालून काढलेस की भिजत ठेवलेस? पाण्याखालून काढले म्हटल्यावर म्हणाल्या, मग वाट सगळ्यांना.

आपण एका गोष्टीवर समाधान मानून बसलो आहोत असं मला वाटतं. भारतात ज्यूंना शेजाऱ्यांकडून सहसा त्रास झाला नाही, हे खरं आहे आणि ते सांगायलाही हवं. पण त्रास न देणं ही शेजारधर्माची पहिली पायरी झाली. शेजाऱ्याची ओळख ठेवणं, त्याचा सण कधी येतो ते माहीत असणं, त्याच्या मेलेल्या माणसांची कबर सांभाळणं ह्या पुढच्या पायऱ्या. जे गेले ते आपली प्रार्थना आणि आपली चव घेऊन गेले, पण दफनभूमी बरोबर नेता येत नाही. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला हे चांगलं झालं. सरकारी कागदावर त्यांचं नाव आलं. गावाच्या आठवणीत ते राहील की नाही, हे मात्र सरकारच्या हातात नाही.

म्हणून एवढंच सांगायचं आहे. अलिबागला समुद्र बघायला येता तेव्हा एक सकाळ नवगावला जा. किनाऱ्याजवळ त्यांची जुनी दफनभूमी आहे, तिथे स्मारकस्तंभ आहे. खंडाळ्याचा टापा बघा. रेवदंड्याचं, पेणचं, अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग बाहेरून तरी बघा, आणि कोणी भेटलं तर बोला, मराठीतच बोला. ठाण्यात किंवा मुंबईत तुमच्या इमारतीत एखादे पेणकर किंवा रोहेकर शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून शनिवार पाळत असतील, तर ह्या वर्षी नव्याच्या सणाला त्यांच्याकडे फळं घेऊन जा. महाराष्ट्रात अजून काही हजार बेने इस्रायल आहेत, आणि त्यांच्या घरी मलिदा आजही होतो.